अठ्ठावीसची रेघ

वडणग्याच्या दूध संस्थेत टेस्टर होतो मी,
बारावी सायन्स, एका विषयात अडकलेला.
विषय फिजिक्सच.
तरी खिडकीशी बसलो की गाव मास्तर म्हणायचं,
कारण काचेची काडी माझ्या हातात होती.

काडी दुधात सोडायची.
ती बुडते, डुचमळते,
मग ताठ उभी, मीटिंगमधल्या चेअरमनसारखी.
अठ्ठावीसच्या रेघेवर तरली, तर दूध.
जास्त बुडाली, तर पाणी.
वस्तुमान भागिले आकारमान:
फळ्यावर जे कधी कळलं नाही
त्याचा रोज पहाटे पाचला मी निकाल द्यायचो.

गौराक्का चेचर रांगेत शेवटची.
पौषातली थंडी, चरवीच्या तोंडावर वाफ.
काडी सव्वीसला.
"पाणी हाय," मी म्हणालो.
रांगेत कुणीतरी हसलं.

तिनं आवाज चढवला नाही.
"म्हशीखालनं हितवर चारशे पावलं," म्हणाली,
"मधी एकबी आड न्हाई."
मग नळाखालच्या बादलीत चरवी ठेवून
पायरीवर बसली, पदर कानावरून घेऊन.
कोल्हापूरचा टँकर हॉर्न मारत होता.
"जाऊ दे त्येला. कोमट हाय, फुगलंय.
निवू दे, बसंल."

निवताना दूध काय करतं, ते त्या दिवशी पाहिलं.
चरवीच्या कडेला ओला गोल उमटला, केसाएवढा,
दूध त्याच्या खाली उतरलेलं.
थेंबसुद्धा कुठं गेला नव्हता.
तेवढंच वजन, जरा कमी जागेत,
थंडीत चुलीपाशी सरकून बसलेल्या माणसांसारखं.
सव्वीस. साडेसव्वीस. सत्तावीस.
आणि तिथंच अडलं.

"एक कमी," मी म्हणालो, पण हळू.
"साय मोजतंय का तुजं ह्ये काचंचं पोर?"

साय हलकी. पाण्याहूनही हलकी.
पुस्तकात होतं, मी वाचलंही होतं.
साय जितकी दाट, तितकं दूध हलकं,
आणि दूध जितकं हलकं, तितका माझा संशय दाट.
बंडा देवण्याचं निळसर दूध,
वरची साय घरी, खालची जागा पाण्यानं भरलेली,
रोज बरोबर अठ्ठावीस दाखवायचं.
रांगेत हसला होता तोच.

फॅटची नळी लावली.
आम्ल, बूच, चक्राचे फेरे,
नळीच्या मानेत पिवळा थर चढत गेला.
नऊ.
वहीत 'परत' लिहिलेलं खोडलं.
किती आलं, तिनं विचारलं नाही.
रिकामी चरवी काखेला मारून जाताना एवढंच म्हणाली:
"ह्या काडीला कोण तपासतंय?"

त्या रात्री संस्थेचं दार आतून लावून
उंच मापात शिळं, गार पाणी घेतलं.
साध्या पाण्यात काडीनं शून्यावर थांबायचं असतं.
थांबली नाही.
शून्याची रेघ पाण्याखाली गेली
आणि बल्बच्या उजेडात तिथून दिसत राहिली.
फार नाही. एकच रेघ.

एक रेघ, गुणिले रोजच्या ऐंशी चरव्या,
गुणिले माझी दोन वर्षं,
हा हिशोब मी मांडला नाही.
सकाळी सेक्रेटरीला काडी फुटली म्हणून सांगितलं.
ते खोटं नव्हतं. तोवर फुटली होती.

आता गंगावेशीत कधीमधी
कट्ट्यावर उभ्यानं धारोष्ण दूध घेतो.
पेल्यावर चार बोटं फेस,
नुसतं आकारमान, वजनाला काही नाही.
मी पेला धरून थांबतो.
"गार हुतंय की, पावनं," गवळी म्हणतो.

हुंदे.
बसू दे जरा.